टाकीजवळची खुर्ची

‘मग तिथं ओढत कोण होतं?’ धायरीतल्या आपल्या तळमजल्याच्या घरात शमशुद्दीन यांनी मला हा प्रश्न विचारला. चहाचे कप उचलणाऱ्या त्यांच्या पत्नी, नसीमबानू, जागच्या जागी थांबल्या आणि म्हणाल्या, “पाहुण्यांना कशाला त्रास? त्यांना अजून घरी जायचंय.” विषय तिथे संपला. या टिपणापुरता तो तिथूनच सुरू होतो.

शमशुद्दीन यांचे आयुष्य गाड्यांच्या सीट शिवण्यात गेले. नाना पेठेतल्या एका चार मजली इमारतीच्या तळाशी त्यांचे दुकान होते आणि तिसऱ्या मजल्यावर घर. इमारतीला लिफ्ट नव्हती. चौथ्या मजल्यावर कोणी राहत नसे, त्यावर गच्ची. गच्चीत त्यांनी जुन्या मोटारींच्या तीन सीट लोखंडी चौकटींवर बसवून खुर्च्या केल्या होत्या. मधोमध फियाटच्या चाकाची एक पत्र्याची टोपी उलटी ठेवलेली असे, राखेसाठी. या तीन खुर्च्यांवर दर रविवारी उतरत्या दुपारी, असरच्या नमाजानंतर, तीन मित्र बसत आणि एकेक सिगार ओढत.

पाण्याच्या टाकीजवळची खुर्ची रंगनाथ यांची. सदाशिव पेठेत राहणारे हे निवृत्त कारकून प्रथम आले ते स्कूटरची फाटलेली सीट घेऊन. ‘उद्या या’ असे शमशुद्दीन म्हणाले तेव्हा त्यांनी विचारले होते, “आपल्याकडे उद्या किती प्रकारचे मिळतात?” मैत्रीची सुरुवात या वाक्याने झाली. तिसरे ज्ञानदेव. ते लोणी काळभोरचे, घरची शेती, शिवाय एक टेम्पो. सिगारीची ओळख तिघांना एकदमच झाली. एका गिऱ्हाइकाने जुन्या परदेशी मोटारीच्या सीट मनासारख्या झाल्या म्हणून खूश होऊन सिगारींची पेटी भेट दिली आणि ती कशी ओढायची तेही दाखवले. पेटी संपल्यावर हे लोक तमिळनाडूतून येणाऱ्या साध्या, हाताने वळलेल्या सिगारींवर आले. रीत मात्र तीच राहिली. धूर छातीत घ्यायचा नाही, तोंडात फिरवून सोडायचा. राख झटकायची नाही, आपल्या वजनाने पडू द्यायची. पहिल्या काही झुरक्यांना बोलायचे नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे: सिगार चिरडून विझवायची नाही. ती टोपीच्या काठावर ठेवायची आणि तिची तिला विझू द्यायची.

यात त्यांनी स्वतःची एक भर घातली होती. एखाद्याला उशीर झाला तर त्याची सिगार पेटवून टोपीच्या काठावर त्याच्या बाजूला ठेवली जाई. ओढणारा नसला की सिगार थोड्या वेळात विझते. ती जळत असेपर्यंत त्या माणसाबद्दल वाईट बोलायचे नाही. विझली की त्याच्या घरी फोन लावायचा आणि मग त्याची हवी तेवढी निंदा करायची. उशीर बहुधा रंगनाथ यांनाच होई. त्यांचा मोबाइल कायम घरी फ्रिजवर पडलेला असे, त्यामुळे तो त्यांच्या पत्नी दुर्गाबाई उचलत आणि ठरलेले उत्तर देत: “निघालेत. पोचतीलच.”

“वहिनी, नक्की निघालेत का अंघोळीला गेलेत?” शमशुद्दीन विचारत.

“घरातून निघालेत की अंघोळीहून, ते विचारलं नाहीत आपण.”

२०२२ च्या फेब्रुवारीत रंगनाथ दुपारी जेवून आरामखुर्चीत टेकले, ते पुन्हा उठले नाहीत. दिवस झाल्यानंतरच्या रविवारी शमशुद्दीन आणि ज्ञानदेव गच्चीवर बसले. काही न ठरवता ज्ञानदेवांनी तिसरी सिगार पेटवली आणि टाकीच्या बाजूला ठेवली. गैरहजर माणसाची पेटवायची, एवढेच त्यांना माहीत होते. विझल्यावर फोन कोणाला करायचा, याचा विचार दोघांनीही केला नव्हता.

तो करावा लागला नाही. सिगार विझली नाही. त्यांच्या सिगारींबरोबरीने ती जळत गेली. तिच्यावर राखेचा एकसंध दांडा वाढत गेला, तो वाकून पडला, आणि बुडाशी गुंडाळलेल्या कागदी पट्टीपाशी येऊन ती थांबली.

“वारं हाय,” ज्ञानदेव म्हणाले.

“आहे ना,” शमशुद्दीन म्हणाले. वाळत घातलेला दुपट्टा त्यांच्या डोक्यावर सरळ लोंबत होता.

पुढच्या रविवारी ज्ञानदेवांनी वारा अडवायला टाकीच्या बाजूने पत्रा उभा केला. त्या दिवशी दोघेही गप्पांपेक्षा त्या विस्तवाकडेच पाहत होते. तो सारखा जळत नव्हता. मधूनच उजळे, मग राखेखाली मंद होई. कधी उजळतो हे आधी ज्ञानदेवांच्या लक्षात आले. बोलता बोलता कोणी थांबले, एखादे विधान जरा जास्तच ठाम झाले, की तो उजळे. नेमक्या त्याच जागी रंगनाथ एक झुरका घेत आणि मग टोमणा मारत. टोमणा आला नाही. दोघेही तो येण्याची वाट पाहत राहिले.

“शमशुभाई,” ज्ञानदेव उठत म्हणाले, “माझं जरा कांद्याचं काम हाय. दोन-चार रविवार जमायचं न्हाई.” त्यांना पुन्हा जमले नाही.

शमशुद्दीन एकटेच बसू लागले. स्वतःची एक आणि टाकीजवळची एक. पावसाळ्यात खुर्च्या पत्र्याच्या आडोशाला सरकवल्या गेल्या, तरी रविवार चुकला नाही. आणखी एक गोष्ट त्यांनी त्या काळात कोणाला सांगितली नाही. ती खुर्ची त्यांनीच भरली होती, त्यांनीच तिच्यावर रेक्झिन चढवले होते. माणूस उठला की दबलेला फोम फुगताना रेक्झिनच्या शिवणीतून हवा कशी आत जाते, तो दीर्घ फुसकारा त्यांच्या ओळखीचा होता. सिगार पट्टीपाशी पोचली की तो फुसकारा येई.

त्यांना भीती वाटत नव्हती. त्यांच्या मते रंगनाथ येत होते, एवढेच. अडचण निराळी होती. नसीमबानूंचे गुडघे गेले होते. ईदनंतर त्या जिना उतरल्याच नव्हत्या. गॅलरीच्या गजांतून रस्ता पाहत बसत. मुलगी, सुमय्या, धायरीला राहत होती. तिने आपल्याच इमारतीत तळमजल्यावर आईवडिलांसाठी जागा घेऊन ठेवली होती, किल्लीही आणून दिली होती. शमशुद्दीन ‘बघू’ म्हणत. रंगनाथ येतो, आणि येऊन पाहील तर गच्ची रिकामी, हे त्यांना सहन होत नव्हते. सिगार पट्टीपाशी न पोचता मध्येच विझेल त्या रविवारी निघायचे, असे त्यांनी शेवटी कबूल केले.

“आणि नाही विझली तर?” नसीमबानूंनी विचारले.

“विझेल. त्याचं समाधान झालं की विझेल.”

“तुमच्या मित्राला यायला-जायला जिना लागत नाही,” नसीमबानू म्हणाल्या. “मला लागतो.”

ऑक्टोबर संपता संपता एका रविवारी शमशुद्दीन गच्चीवर असताना जिन्यात पाय घासल्याचा आवाज आला. एक पायरी, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरी. त्यांनी वळून पाहिले नाही. मान वळवता येईना, असे ते सांगतात. दारात नसीमबानू उभ्या होत्या, घामाने भिजलेल्या, चौकटीला धरून. इतक्या वर्षांत त्या या बैठकीला कधी आल्या नव्हत्या. टाकीजवळच्या सिगारीकडे त्यांनी पाहिले. ती निम्मी झाली होती.

“रंगनाथभाऊंशी मी बोलते,” त्या म्हणाल्या.

“बेगम, तिथं नको. इकडं बस.”

“बसायला जागा त्यांचीच मागायला आलेय.” आणि त्या भिंत धरत टाकीजवळच्या खुर्चीकडे निघाल्या. “रंगनाथभाऊ, माझे पाय दुखतायत. मला बसू द्या. आणि यांना सोडा आता.”

त्या खुर्चीपासून हातभर दूर असताना तो फुसकारा आला. दीर्घ, संथ. नसीमबानूंनी तो ऐकला. रेक्झिनवरचा खळगा वर येताना पाहिला. टोपीच्या काठावरचा विस्तव एकदा उजळला आणि राखाडी झाला. सिगार अर्ध्यावर विझली.

शमशुद्दीन यांच्या डोळ्यांत पाणी आले. त्यांच्या लेखी निरोप झाला होता. आता रीत पुरी करायची राहिली होती. ती भावनेच्या भरात केली की सवयीने, हे त्यांना आजही सांगता येत नाही. सिगार विझली की फोन करायचा. त्यांनी रंगनाथ यांचा नंबर लावला. तो बंद असेल अशी त्यांची समजूत होती. पण घंटा वाजली, आणि पलीकडून नेहमीचा आवाज आला.

“निघालेत. पोचतीलच.”

शमशुद्दीन यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“वहिनी,” शमशुद्दीन म्हणाले, “मी शमशुद्दीन.”

“हो, नाव आलंय ना इथं.” दुर्गाबाईंचा आवाज शांत होता. “बँकेचे निरोप येतात म्हणून चालू ठेवलाय. रविवारी तुमच्या फोनची वाट बघते, खोटं कशाला बोलू? इतके महिने हे आरामखुर्चीतच असायचे. मला कळायचं. तुम्ही फोन करत नव्हतात, तर ते तरी कशाला उठतील? आत्ता वाजला, तशी खुर्ची हलली. दाराची कडी निघाली. तुमच्याकडेच यायला निघालेत, शमशुभाई. पहिल्यांदाच.”

शमशुद्दीन यांनी फोन ठेवला. स्पीकर चालू नव्हता, पण गच्चीवर इतकी शांतता होती की नसीमबानूंनीही प्रत्येक शब्द ऐकला होता. रंगनाथ सदाशिव पेठेतून आत्ता निघाले असतील, तर इतके महिने दर रविवारी त्या खुर्चीतून जे उठत होते ते रंगनाथ नव्हते, दुसरेच काही होते. आणि आजही ते दुसरे काही खुर्चीतून उठले होते, पण जिन्याकडे गेलेले दोघांपैकी कोणीही पाहिले नव्हते.

नसीमबानू खुर्चीवर बसल्या नाहीत. “खाली,” एवढेच त्या म्हणाल्या.

“तो येतोय. त्याला काय वाटेल?”

“रस्त्यात भेटतील. चला.”

त्यांनी कठडा धरला नाही, शमशुद्दीन यांचा दंड धरला. गच्चीचे दार उघडे राहिले. तिसऱ्या मजल्यावर घरासमोरून जाताना त्यांनी आत पाऊल टाकले नाही. चप्पल घरातलीच होती, तशाच त्या उतरल्या. शमशुद्दीन सांगतात की जळत्या सिगारीचा वास अगदी तळमजल्यापर्यंत दोघांच्या मागे होता. त्यांची स्वतःची सिगार तर गच्चीवर टोपीतच राहिली होती. रस्त्यावर आल्यावर नसीमबानू दुकानाच्या पायरीवर बसल्या आणि सुमय्याला फोन लावला. ती येईपर्यंत दोघेही रस्त्याच्या सदाशिव पेठेकडच्या बाजूला पाहत होते.

सामान नंतर सुमय्याने आणवले. गच्चीवरचे काही आणू नकोस, असे तिला सांगण्यात आले होते.

शमशुद्दीन आणि नसीमबानू ३० ऑक्टोबर २०२२ पासून धायरीला राहतात. नाना पेठेतली इमारत २०२४ च्या मे महिन्यात पुनर्बांधणीसाठी पाडण्यात आली.