कापसाची खोली
सुनेनं काल जुनी गादी पिंजायला काढली, आणि त्या धुळीचा वास नाकात शिरताच मला माझ्या लग्नानंतरचा पहिला हिवाळा आठवला. साठ-एकसष्ट साल असेल. बोरी अरबच्या याच घरात वेचलेला कापूस वरच्या झरोक्यातून खोलीत ओतायचे आणि नव्या सुनेनं तो पायांनी तुडवून दाबायचा, अशी रीत होती. त्या दिवशी दार केव्हाच कापसामागे गेलं होतं. मी आढ्यापाशी कंबरभर रुतलेली, अंगाला नुसती खाज, आणि झरोक्याची शिडी कोणीतरी खळ्यावर नेलेली. तेवढ्यात अंगणातून बाबांचा आवाज आला. संक्रांतीला मला न्यायला ते दिग्रसहून आले होते. दिवाळीलाही मी माहेरी गेले नव्हते. सासूबाई म्हणाल्या, “म्या त जाय म्हटलं जी, पण पोरगीच म्हणून राह्यली, सारा कापूस घरात आल्याशिवाय मी जात नाही.” मी कशीबशी झरोक्याशी सरकले. बाबांची टोपी अगदी खाली दिसत होती. पण शेजारी सासरे बसले होते, आणि सासऱ्यांच्या देखत सुनेनं आवाज काढायचा नसतो. “शहाणी झाली पोरगी माझी,” बाबा म्हणाले, तिळाच्या लाडवांचा डबा ठेवला आणि निघाले. ही गोष्ट ते मरेपर्यंत कौतुकानं सांगत राहिले. मी ती कधी खोडली नाही. आता त्याच खोलीत माझी खाट आहे. झरोक्याच्या जागी मोठी खिडकी आली, सकाळचं ऊन थेट अंगावर येतं, आणि साऱ्या घरात मला हीच जागा आवडते. फक्त सून रोज कुरकुरते, “आई, काही लागलं त हाक काहून मारत नाही जी तुम्ही?”