सुभेदारांचा डोंगर आणि सरपंचांचा ओटा

यंदाच्या सव्वीस जानेवारीला, झेंडावंदनानंतरच्या ग्रामसभेत, आमच्या गावानं नामदेव सुभेदारांना हसून खाली बसवलं. हसणाऱ्यांत मीही होतो.

सुभेदार दगड चाटायचे. फौजेतून निवृत्त होऊन आल्यापासून रोज सकाळी गावामागचा डोंगर चढायचे, वाटेतला एखादा दगड फोडायचे, ताज्या फुटलेल्या बाजूवर जीभ फिरवून तो उन्हात धरायचे. बायका तोंडाला पदर लावायच्या. सुभेदार म्हणायचे, "ओला केल्याबिगर दगड बोलत न्हाई, गड्या."

हे वेड लडाखमधल्या ग्रॅनाइटच्या डोंगरांनी लावलेलं. तिथला एक खडा कायम खिशात; मिठात मिरी सांडल्यासारखा. "ह्यो जमिनीच्या पोटात निवांत थंड झाला, म्हणून दाणं मोठं. आपला काळा दगड वर येऊन घाईनं थिजला. थरावर थर. मधी तांबड्या मातीचा पट्टा, त्याच्यावरनं आपला झरा व्हातो. पट्टा फोडला की झरा गेला." मी मान डोलवायचो आणि मोबाईल बघायचो.

मग एका खडी क्रशरवाल्यानं तो डोंगर मागितला. त्या ग्रामसभेत त्याचा माणूस माइकवर म्हणाला, "डोंगर अखंड ग्रॅनाइटचा आहे. सुरुंग लावले तरी झऱ्याला धक्का नाही."

सुभेदार खिशातला खडा हातात घेऊन ताडकन उठले. "आवं सरपंच, ह्यात ग्रॅनाइट निघाला तर मी मिशी उतरवतो!"

"मग माझ्या ओट्यावर काय हाय? तसाच काळा हाय की!"

"खरा ग्रॅनाइट असा नुस्ता काळा नसतो. तुमच्या ओट्यावर दुकानदारानं सांगितलेलं नाव हाय."

"बरं, तुमी चाटून सांगा, आमी त्यावर सैपाक करतो!"

सभा खदाखदा हसली. सुभेदारांनी खडा खिशात घातला आणि बसले.

आता आमच्या गावाची रीत ऐका. सभेला आलं की आधी वहीत सही, मग जिलेबी. ठराव मागाहून, सह्यांच्या वरच्या कोऱ्या जागेत लिहितात. त्या दिवशीची हजेरी अशीच संमती झाली: 'डोंगर क्रशरला देण्यास सर्वानुमते मंजुरी.' सही न करणारा एकच माणूस. "वर काय लिवलंय ते वाचू द्या, मग करतो," असं सुभेदार म्हणाले होते, आणि वर काहीच लिहिलेलं नव्हतं. चौथी सही माझी. 'जागे व्हा' अशी पत्रकं मी छापतो, आणि जिलेबी गरम होती.

मार्चमध्ये सुभेदार झोपेतच गेले. खडा त्यांच्या सुनेनं माझ्या हातात ठेवला. म्हणाली, "मामंजी म्हणायचे, त्यो पोरगा ऐकत न्हाई, पण वरडतो चांगला."

म्हणून ओरडतोय. वरून शेवटची परवानगी अजून यायची आहे, झरा अजून वाहतोय. एक मेच्या ग्रामसभेला या. तो ठराव रद्द करायला हात वर करा. आणि वहीचं पान कोरं असेल, तर पेनाचं टोपणसुद्धा काढू नका.