सरदार हयात असताना

सुरुवातीलाच माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलेलं नाही, आणि मी गेलो तोही कॉमर्सला. त्यामुळे एका वडीलधाऱ्या माणसावर लिहायचा आपल्याला काय अधिकार, या विचारातच बरेच दिवस गेले. तरी लिहितो आहे, कारण मोटरसायकलीला वडिलांइतका मान देणारा माणूस जालना जिल्ह्यातच काय, सगळ्या मराठवाड्यात दुसरा निघणार नाही. तो माणूस माझा घरमालक आहे. सगळे त्यांना काकाजी म्हणतात. त्यांचे पूर्वज कधीकाळी राजस्थानातून आले आणि जुन्या जालन्यात कापडाची पेढी घालून बसले ते कायमचे.

खोली बघायला मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो तेव्हा काकाजी आत तोंड करून ओरडत होते, "अजी, सरदारांवर ऊन आलं! जल्दी चादर टाका!" घरात कुणी आजारी म्हातारे आहेत असं समजून मी दारातच चप्पल काढली आणि पायांचा आवाज न करता अंगणात शिरलो. चादरीखालून दोन आरसे आणि एक हँडल दिसलं. मी नमस्कारासाठी जोडलेले हात तसेच राहिले. काकाजींना मात्र त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट त्याच नमस्कारावर मला खोली मिळाली, असं काकीजी अजून सांगतात.

सरदार म्हणजे काय ते सांगायला हवं. काकाजींच्या तरुणपणी एका कंपनीने 'तुफान' नावाची मोटरसायकल तीन प्रकारांत काढली होती. नुसती तुफान, तुफान सवार आणि तुफान सरदार. दणका सगळ्यात जास्त सरदारचा. तिला दोन सायलेन्सर, लांब सीट आणि टाकीवर पितळी अक्षरांचा बिल्ला. तो बिल्ला काकाजी दर रविवारी चिंचेने घासतात आणि घासताना गाडीशी बोलतात. काकीजी भाजी निवडता निवडता मला ऐकवतात, "लग्न झाल्यापासून माझं नाव एकदा ह्यांच्या तोंडून निघालं न्हाई. अजी, ऐकलं का, एवढ्यावर भागवलं. अन् त्या डबड्याला बघा, अहोजाहो!" काकाजी खालच्या आवाजात म्हणतात, "डबडं म्हणू नका हो. ऐकू जातं त्यांना."

या तीन प्रकारांत काकाजी सगळं जग बसवतात. पातळ चहा आला की "आज नुसती तुफान पाठवली वाटतं." आलं घातलेला असेल तर सवार. सरदार चहा फक्त सणावारी होतो. पुतण्यासाठी स्थळ आलं तेव्हा मुलीच्या बापाला त्यांनी तोंडावर सांगितलं, "मुलगा सवार आहे. सरदार म्हणून देऊन राह्यलो न्हाई, मागून बोलू नका." लग्न ठरलं, हे विशेष. एकदा धीर करून मी विचारलं, "काकाजी, मी कोणता?" त्यांनी मला चष्म्याखालून आणि चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "तू अजून शोरूममधी आहेस, बेटा." ते ऐकून मला का कुणास ठाऊक, बरं वाटलं.

अशा माणसाला बातमी कळली की कंपनी नवी तुफान काढते आहे आणि तिच्यावर जुनीच नावं घालावीत की नाही, यावर जुन्या मालकांचं मत घ्यायला नवीन जालन्याच्या शोरूममध्ये साहेब येणार आहेत. आम्हाला वाटलं, काकाजी पेढे वाटतील. ते ताटावरून उठले. "सरदार हयात असताना त्यांचं नाव दुसऱ्याला?" एवढंच म्हणाले आणि अंगणात जाऊन बसले.

आमच्याकडे आजोबांचं नाव नातवाला देतात, पण आजोबा गेल्यावर. ते असताना दिलं तर त्यांच्या जाण्याची घाई झाली आहे, असा त्याचा अर्थ होतो. माणसांच्या या रीतीला मोटरसायकलींनी का बांधून घ्यावं, हे मी विचारलं नाही. शिवाय काकाजींना आणखी एक भीती होती, ती कापडाच्या धंद्यातली. एक नावाजलेली धोतराची गिरणी बंद पडली, तिचा छाप कुणीतरी विकत घेतला आणि पातळ कापडावर मारून बाजारात आणला. पेढीचं जुनं गिऱ्हाईक, जाफराबादकडचे एक म्हातारे, एका धुण्यात चाळणी झालेलं ते धोतर घेऊन आले आणि काउंटरवर पसरून निघून गेले. "मला शिव्या दिल्या असत्या तं चाललं असतं," काकाजी सांगायचे. "ते नावाला शिव्या देत गेले."

सभेच्या दिवशी काकाजी मला मागे बसवून सरदारवर निघाले. शोरूमच्या काचेच्या दारात गाडी उभी केली, पण बंद केली नाही. आत धूर भरला. साहेब तरुण होते, पुण्याकडचे असावेत. रुमाल नाकाला लावून म्हणाले, "काका, गाडी बंद करता का प्लीज?"

"बंद कशाला? ऐका ना. हा मेल्याचा आवाज आहे का?"

"तसं नाही हो, पण ते मॉडेल बंद होऊन खूप वर्षं झाली."

"दुकान बंद झालं म्हणजे शेठ मेला का?" काकाजींनी माझा दंड धरून मला पुढे ओढलं. "याला विचारा. बेटा, तुझं नाव कुणाचं?"

"आज्याचं," मी म्हणालो.

"आज्या होता तव्हा ठेवलं?"

"न्हाई. ते गेल्यावर मी झालो."

"बघा! मेंढरं राखणाऱ्या घरात एवढी रीत पाळतात. तुमची तं कंपनी आहे. अन् नाव आत्या ठेवते. तुमच्या कंपनीची आत्या कोण?"

शोरूमचे मॅनेजर खोकत खोकत हसत होते. साहेबांचे डोळे धुराने लाल झाले होते. शेवटी ते हात जोडून म्हणाले, "बरं काका, तुम्ही हो म्हणाल तेव्हाच सरदार नाव ठेवू. आता तरी बंद करा." काकाजींनी चावी फिरवली. साहेबांनी सुटका करून घेण्यासाठी ते वाक्य टाकलं होतं, हे मला कळत होतं. काकाजींनी मात्र तो शब्द धरला आणि छाती काढून घरी आले.

त्यानंतर सरदार हयात असल्याचं गावाला दिसत राहावं म्हणून ते कारण नसताना फिरू लागले. कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायची तरी सरदार निघायचे. एका रविवारी "तुझ्या आईच्या हातची भाकर खाऊन येऊ" म्हणत मला घेऊन ते माझ्या गावाकडे, जाफराबादच्या रस्त्याला लागले. अर्ध्या वाटेत इंजिन एकदम आवळलं आणि मागचं चाक घसटत गाडी उभी राहिली. काकाजींनी किक मारून पाहिली, मग मी. किक खालीच जाईना. टेम्पोत घालून परत आणली. मिस्त्रीने इंजिन उघडलं आणि मान हलवली. "पिस्टन धरला. सिलेंडर गेलं. याचे पार्ट आता कुठंच न्हाईत. दुसऱ्या गाडीचं इंजिन टाकून देतो, बिलकुल नव्यासारखी पळंल."

"मंग ते सरदार राहतेत का?" काकाजींनी विचारलं. मिस्त्री चांगला माणूस. तो हात पुसत राहिला.

काही दिवस काकाजी पेढीवर गेले नाहीत. कुणी सांगितलं नसतानाही काकीजींनी गाडीवर धुतलेली चादर टाकली. मग एका सकाळी काकाजी पांढरे कपडे, टोपी घालून तयार झाले आणि मला म्हणाले, "रिक्षा बोलाव." शोरूममध्ये मॅनेजरसमोर उभं राहून त्यांनी सांगितलं, "साहेबांना कळवा, आता माझी हरकत न्हाई. नाव मोकळं झालं. ठेवा म्हणा. फक्त गाडी पातळ काढू नका." मॅनेजर गोंधळले, पण "कळवतो" म्हणाले. त्यांना साहेबांचा फोन मात्र कधी लागला नाही.

पण काकाजींना उत्साह आला. रोज संध्याकाळी मला विचारायचे, "आली का काही खबर?" नवी गाडी जालन्यात आली की आपण जायचं, असं ठरलं. अंबडला दिलेल्या धाकट्या बहिणीला फोन करून त्यांनी सांगून ठेवलं, नाव तूच ठेवायचं. गाडीच्या कुठल्या कानात, यावर भावाबहिणीचं फोनवर बराच वेळ चाललं. हेडलाइटची उजवी बाजू ठरली. काकीजी म्हणाल्या, "लोक हसतील." पण लुगडं कोणतं द्यायचं, तेही त्यांनीच काढून ठेवलं.

परवा कॉलेजातून येताना शोरूमपुढे गर्दी दिसली म्हणून मी आत गेलो. नवी तुफान आली होती, पण तुफानही नव्हती. टाकीवर दोन इंग्रजी अक्षरं आणि एक आकडा. मॅनेजर मला बाजूला घेऊन म्हणाले, "अरे, जुन्या नावांचं तं कंपनीनं कव्हाच सोडून देल्तं. गाडी घेणाऱ्या तरण्या पोरांना विचारलं, तं सरदार कुणालाच ठाऊक न्हाई. त्या सभेच्या बी आधी ठरल्तं म्हणे. सभा आपली फोटोपुरती."

मी घरी येऊन सांगितलं. सभेच्या आधीच ठरल्याचं सांगायचं नव्हतं, पण तेही तोंडून गेलं. काकाजी ओट्यावर बसले होते. "आकडा?" त्यांनी विचारलं. मी मान डोलावली. मग चादरीकडे बघत, कुणालाच न सांगितल्यासारखं ते म्हणाले, "मी हो म्हणायची कंपनीवाले वाट बघून राह्यले, असं वाटत होतं मला."