भागिले तीन

पोरं तिला 'भागिले बाई' म्हणत. सातवीला गणित शिकवायची आणि सरासरीचा धडा आला की दरवर्षी स्वतःच्याच घरातली वयं फळ्यावर मांडायची. घरात तिघी: सासू, ती आणि लेक. लेक रांगत होती तेव्हाच नवऱ्यानं दुसरा संसार थाटला. सासूबाई मात्र पोटच्या पोराकडे गेल्या नाहीत. "त्याचं त्याला लखलाभ," म्हणाल्या आणि सुनेच्या उरावर बसल्या. हे सूनच म्हणायची, तेही त्यांच्या तोंडावर. दोघींचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. पण एकीला ताप आला की दुसरीच्या तोंडचं पाणी पळायचं.

सासूबाई झोपेतच गेल्या. तिनं नातेवाइकांना कळवलं, आल्यागेल्याचं पाहिलं, सगळं रीतसर निस्तरलं. डोळ्यांतून टिपूस म्हणून काढलं नाही. "काळीज दगडाचं हो," शेजारीण कुजबुजली. तिलाही ते पटलं. आत काही हलतच नव्हतं.

शाळेत परतली तो नेमका सरासरीचाच धडा. हात सवयीनं चालला. अठ्ठ्याहत्तर, सेहेचाळीस, वीस. बेरीज एकशे चव्वेचाळीस, भागिले तीन, अठ्ठेचाळीस.

पहिल्या बाकावरची मुलगी चाचरली. "बाई, पण तुमच्या सासूबाई तर..."

"हो गं. चुकलंच." तिनं पुसून पुन्हा मांडलं. सहासष्ट भागिले दोन, तेहेतीस.

"बाई, तुमचं घर एकदम तरुण झालं!" मागून कुणीतरी म्हणालं. वर्ग फिस्सकन हसला आणि लगेच चिडीचूप झाला.

"झालं खरं," ती म्हणाली. "पण आमच्याकडे तेहेतीस वर्षांचं आहे कोण?"

"कुणीच नाही, बाई."

"आणि आधी अठ्ठेचाळीसचं?"

"तेव्हाही नव्हतं."

"मग उतरवून घ्या," म्हणत तिनं पुढचं उदाहरण घातलं. आवाज नेहमीचाच होता.

संध्याकाळी लेकीनं विचारलं, "आई, आजीच्या खोलीत मी राहू? तुला चालेल?"

"न चालायला काय झालं?"

दोघी कपाट सरकवायला लागल्या. त्याचा पाय फरशीच्या फटीत अडकला.

"अगं, जोर लाव की! जेवली नाहीस का?" लेक खेकसली. थेट आजीचा सूर.

ती कपाटाला हात लावून उभी राहिली. आता रडू येईल, असं वाटलं. वाट पाहिली. आलं नाही. तिनं बाह्या सारल्या, खांदा टेकवला आणि जोर लावला.