एकतीस पेट्यांची एकच किल्ली

माझा धाकटा भाऊ जेवतानासुद्धा स्वस्थ बसत नाही. टेबलाखाली त्याचा उजवा पाय सारखा हलत असतो आणि त्याच्याबरोबर सगळ्यांच्या पेल्यांतलं पाणी. "पाय हलवू नकोस," असं मी त्याला तो एवढासा होता तेव्हापासून सांगत आले. आता पन्नाशी आली, पण पाय काही ऐकत नाही. घराला कुलूप लावून जिना उतरला, की पुन्हा वर येऊन ते ओढून बघणार. भावजय म्हणते, "लग्नाच्या दिवशी मीच ती आहे ना, हेही यांनी दोनदा बघून घेतलं."

अशा माणसाला शहराच्या पाणीखात्याने यंत्रांच्या बोलण्याची राखण करायला बसवलं. पूर्वी टाकी भरली की टाकीवरचा माणूस पंपघरात फोन करायचा, "भरली, बंद कर." पंपवाला आवाज ओळखायचा, नुसत्या खोकल्यावरूनही ओळखायचा. आता टाकीवर एक पेटी असते, पंपावर दुसरी, आणि त्या रेडिओवरून आपसात बोलतात. पेटीला ना आवाज, ना खोकला. कुणी उपटसुंभाने मधेच 'टाकी भरली' असं कळवलं, तर पंप बिचारा गुमान बंद होणार आणि इस्पितळाचे नळ कोरडे पडणार.

म्हणून प्रत्येक पेटीला किल्ल्यांची जोडी, लोखंडाच्या नव्हे, आकड्यांच्या. एक गुप्त, पेटीच्या पोटातून कधीच बाहेर न येणारी. तिने निरोपावर सही करायची. दुसरी उघड, बाकीच्या पेट्यांना वाटलेली. तिने ती सही खरी की खोटी ते पारखायचं. उघड किल्ली कितीही जणांनी बघितली तरी तिच्यावरून गुप्त किल्ली कुणाला बनवता येत नाही. मी भाजी निवडत असताना हे त्याने मला तीनदा समजावलं. तिसऱ्यांदा कळलं.

पण साहेबांनी उद्घाटन पंधरा दिवस अलीकडे ओढलं. पेट्या एकतीस, हात दोन. धाकट्याने एक पेटी नीट तयार केली आणि तिचीच नक्कल उरलेल्या तिसांत उतरवली, गुप्त किल्लीसकट. किल्ल्या नंतर बदलू, म्हणाला. कुलूप परत परत ओढून बघणारा माणूस 'नंतर' म्हणाला, याचा मला अजूनही राग येतो.

महिना झाला नसेल, तोच एका पंपघराची खिडकी फोडून चोरांनी तांब्याच्या तारा नेल्या आणि तारांबरोबर भिंतीवरची पेटीही. साहेब म्हणाले, "भंगारात गेली असेल. नवी लाव आणि विषय संपव."

एरवी विषय संपलाही असता. हरवलेल्या पेटीची किल्ली यादीतून रद्द केली, की बाकीच्या पेट्या तिचं ऐकेनाशा होतात. इथे सगळ्यांची किल्ली एकच. ती रद्द केली तर उरलेल्या तीसही मुक्या होणार, शहराचं पाणी पुन्हा माणसांच्या हातावर येणार आणि का आलं ते साऱ्या खात्याला कळणार. रद्द नाही केली, तर चोरलेली पेटी उघडणारा कुणीही कुठल्याही टाकीच्या नावाने बोलू शकणार. त्यात धाकट्याची बढती तोंडावर आलेली. कागद तयार होता, फक्त सही व्हायची होती.

दुपारी तो माझ्याकडे आला. बसला, उठला, नळ सोडून पाहिला, बंद केला, पुन्हा बसला.

"ताई, काय करू?"

आई गेल्यावर मीच त्याला वाढवलं. त्याचं नुकसान मला बघवत नाही. मी म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची. एकेक पेटी गुपचूप बदलत जा. कुणाला कळतंय?"

"त्याला दहा दिवस लागतील. तोवर?"

"तोवर काही होत नाही."

"हे तुला कुणी सांगितलं?"

मला कुणीच सांगितलं नव्हतं. मी चिडून म्हणाले, "आधी तो पाय हलवायचा थांब."

पुढचे दोन दिवस तो मला तासातासाला फोन करायचा. "नळाला पाणी आहे ना?" आहे म्हटलं की फोन ठेवायचा. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने साहेबांना पत्र दिलं, चूक माझी आहे असं साध्या शब्दांत लिहून, आणि किल्ली रद्द केली. निवृत्त पंपवाल्यांना घरून बोलावलं. पुन्हा फोन, पुन्हा खोकले. शहराने आठ-नऊ दिवस खात्याच्या नावाने बोटं मोडली. हा काखेत लॅपटॉप घेऊन पंपघर ते टाकी हिंडत होता आणि प्रत्येक पेटीकडून तिची स्वतःची जोडी तिच्याच पोटात तयार करून घेत होता.

अकराव्या दिवशी चोरलेली पेटी भंगारवाल्याकडे सापडली. चेपलेली. कुणी उघडलीच नव्हती. खात्यात हसं झालं, डोंगर पोखरून उंदीर निघाला म्हणून. बढतीचा कागद फाडला गेला आणि त्याची बदली झाली, नेमकी त्याच फुटक्या खिडकीच्या पंपघरावर.

रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला गेले. भावजय वाढता वाढता थांबली. तिने मला सरळच विचारलं, "ताई, यांनी आधी तुम्हाला विचारलं होतं ना? तुम्ही काय म्हणालात?"

मी तोंड उघडायच्या आत धाकटा म्हणाला, "ताई म्हणाली, तुला योग्य वाटेल ते कर. तिच्यामुळेच तर धीर आला."

भावजयीने माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते. दुसऱ्याच्या नावाने खोटा निरोप जाऊ नये म्हणून ज्याने बढती घालवली, त्याने माझ्या नावाने तो दिला होता, आणि मला तो खोटा आहे असं म्हणवलं नाही. मी मान खाली घालून जेवत राहिले.

पेल्यांतलं पाणी हलत होतं. मी सवयीने टेबलाखाली पाहिलं. त्याचे दोन्ही पाय स्थिर होते. हलत होता तो माझा.