पुढे वळलेलं शिंग

उत्तनच्या टेकडीवर बायकोच्या ओढणीत अडकलेला बाभळीचा काटा काढायला गेलो, तर काटाच उडून गेला — हा किस्सा मी प्रत्येक लग्नाच्या पंगतीत सांगतो. लोक हसतात. त्यापुढचं आजवर घराबाहेर कुणाच्या कानावर घातलेलं नाही. तुमच्या घालतोय.

तो काटा म्हणजे शिंगवाला तुडतुडा, तांदळाच्या दाण्याएवढा. माझे सासरे अण्णा, प्राणिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, मिरा रोडला आमच्या वरच्याच मजल्यावर राहायचे आणि हेच किडे जमवायचे. पाठीवरचा काटा कमानीसारखा उचललेला, शिंगं मागे वळलेली, की तो लेप्टोसेंट्रस — हे मला पाठ झालं होतं. अण्णांना मात्र माझं नाव पाठ नव्हतं. मी आपला 'आमचे जावई'.

एकदा ते चहाला उठले आणि मी कार्डावर चिकटवलेला एक किडा भिंगाखाली बघायला घेतला. त्याला एकच शिंग उरलं होतं, तेही तुटलं. घाबरून डिंकाने परत लावलं — उलटं. पुढे वळलेलं.

अण्णांनी ते पाहिलं आणि खुर्चीत बसूनच राहिले. नवी प्रजाती असेल, म्हणाले. पण एका नमुन्यावर ती जाहीर करायची त्यांची तयारी नव्हती, दुसरा हवा. तेव्हाच बोलायचं होतं — कुणी तोंड धरलं होतं माझं?

नाही बोललो. मग दर रविवारी उत्तनची बस. टेकडी चढताना अण्णांचे गुडघे करकरायचे. ते बाभळीच्या फांदीवर काठी मारायचे, मी खाली उलटी छत्री धरायचो. झडतील ते किडे छत्रीत. हवा तो किडा जगात नाही हे मला ठाऊक — तरी मान घालून शोधायचो. तिथल्या वाडीतली मारियामावशी विचारायची, "काय सर, आजपन न्हाय? पोरगी दिली ती काय छत्री धरायला?" अण्णा हसायचे. म्हणायचे, "शरदशिवाय माझं चालत नाही."

शरद म्हणजे मी. त्या एका हाकेसाठी गप्प राहिलो. भित्रा म्हणा, लबाड म्हणा — खुशाल म्हणा. पण ते रविवार खोटे होते असं मी म्हणणार नाही. कुणासाठीच नाही.

अण्णा गेले. पेटीत तो किडा आहे, शेजारी दुसऱ्यासाठी टोचून ठेवलेली रिकामी टाचणी. परवा पेटी आवरताना बायकोला सगळं सांगितलं. त्या रविवारांत अण्णांना आणि मला, दोघांना मजा आली, हेही ठणकावून सांगितलं.

तिने पेटीचं झाकण लावलं.

"मजा दोघांची असेल," म्हणाली. "रात्री त्यांचे गुडघे मी चोळायचे."