गडग्यावरून गेलेली वायर

मी तापट आहे हे आमच्या आळीत सगळ्यांना ठाऊक होतं, आणि मला कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं असा माझा स्वतःचा समज होता. ही गोष्ट २००५ च्या सुमाराची. रत्नागिरीत एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मी शिकवत असे. घरी टेलिफोनच्या तारेवरून ब्रॉडबँड आलं, आणि महिन्याभरात मी ते शेजारच्या घरातही पोचवलं.

शेजारचं घर भाभीचं. नवरा कुवेतला, तेलाच्या कामावर. घरात भाभी आणि सासू, जिला मी चाची म्हणायचे. नवऱ्याने मागच्या सुट्टीत कॉम्प्युटर आणला होता, वर डोळ्यासारखा दिसणारा कॅमेराही, पण त्यांना इंटरनेट मिळत नव्हतं. मग मी आमच्या कॉम्प्युटरपासून एक वायर काढली, खिडकीतून दोन घरांमधल्या गडग्यावरून, म्हणजे जांभ्या दगडांच्या बुटक्या कुंपणावरून नेली, आणि त्यांच्या खोलीत उतरवली. आमच्या टेबलावर चार भोकांची एक चपटी डबी बसवली, तिला हब म्हणतात. पहिल्या भोकात आमची वायर, चौथ्यात त्यांची. आमचा कॉम्प्युटर चालू असला की त्यांनाही इंटरनेट. बाबांना त्या डबीचं फार कौतुक. "दोन घरं हिच्यावर चालतात," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे.

त्या दसऱ्याच्या आधी वीस दिवस भाभीला मुलगी झाली. नवऱ्याने ती अजून पाहिली नव्हती; आधीचे शुक्रवारही त्याचे कामातच गेले होते. फोटो पोस्टाने निघाले होते, पण ते पोचायच्या आत तो महिनाभरासाठी वाळवंटातल्या साइटवर जाणार होता, जिथे धड फोनही लागत नसे. जायच्या आधी एकच शुक्रवार हातात होता. जुम्याची नमाज आटपून तो एका सायबर कॅफेत बसणार, आपल्याकडचे चार वाजता. तासाभरात लेकीचं तोंड बघून घ्यायचं. नाहीतर महिनाभर थांबायचं.

दसरा गुरुवारी झाला. शुक्रवारी दुपारी एकला मी सहज तपासायला भाभीकडे गेले, तर त्यांच्याकडे इंटरनेट नाही. आमच्याकडे मात्र व्यवस्थित चालत होतं.

माझा पहिला संशय माझ्यावरच, कारण दोन दिवसांपूर्वी मी आमच्या कॉम्प्युटरवर व्हायरसपासून राखण करणारा नवा प्रोग्राम घातला होता. तो शेजारच्या कॉम्प्युटरला चोर समजून दारातच अडवतोय, हे मी छातीठोकपणे ठरवून टाकलं. प्रोग्राम बंद केला. मग काढून टाकला. मग दोन्हीकडच्या कॉम्प्युटरच्या पत्त्याचे आकडे पुसून पुन्हा लिहिले. एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, शून्य, एक. गडग्यावरून माझ्या अकरा-बारा फेऱ्या झाल्या. दसऱ्यानंतरचं ऊन, डोकं तापलेलं, आणि दर फेरीला आईचं "अगो, दोन घास खाऊन घे."

तीन वाजले. बाबा म्हणाले, "त्यापेक्षा तिलाच बाळ घेऊन इकडे बोलाव. आपला चालतोय ना?"

मला ते पटलं. मी चाचीला विचारलं. चाची दारातच पाय पसरून लसूण सोलत होती.

"नाय गो बाय," ती म्हणाली. "चाळीस दिवस पुरे झाल्याबिगर बाळंतीण उंबरा वलांडायची नाय. पोर तर नायच नाय."

मी चिडून घरी आले आणि आईकडे गाऱ्हाणं केलं. आई उलट माझ्यावरच उखडली. "बरोबर आहे तिचं. तुझ्या वेळी मी सव्वा महिना खोलीबाहेर आले नव्हते." म्हणजे दोन्ही घरं या बाबतीत एक होती. राहिली ती माझी वायर.

मी परत त्यांच्याकडे गेले, तर आतून भाभीने हाक मारली. ती काही तक्रार करणारी नव्हे. केस विंचरून, बाळाला नवं झबलं घालून, कॅमेऱ्यासमोर बसून होती. "नसेल होत तर राहू दे हां," ती हळूच म्हणाली. मला त्याने जास्त लागलं. चिडली असती तर बरं झालं असतं.

मग मी गडग्यावरची वायर हाताने चाचपत आले. खारीने कुरतडली असेल, वानराने ओढली असेल. कुठेही काही नाही. शेवटी हबपाशी पोचले आणि पहिल्यांदाच नीट पाहिलं. चौथ्या भोकाचा दिवा लागलेलाच नव्हता. जे सगळ्यात आधी बघायचं, असं मी क्लासमध्ये पोरांना घसा फोडून सांगते, ते मी सगळ्यात शेवटी बघत होते. वायर दाबली. आत बसताना टक् असा आवाज यायला हवा, तो आला नाही. तिसऱ्या भोकात घातली. तिथेही नाही. दुसऱ्यात, तेच.

बॅटरी आणून आत उजेड टाकला. आत लाल लाल काहीतरी.

"बाबा!"

बाबा आले. त्यांचा चेहरा बघूनच मला कळलं.

"काल पूजेत ठेवली होती मी ती," ते म्हणाले. "कोयती ठेवली, अडकित्ता ठेवला, तुझी पुस्तकं ठेवली. म्हटलं, दोन घरं हिच्यावर चालतात, हिला कसं वगळायचं? आपली वायर काढली नव्हती म्हणून तेवढं एक भोक..."

त्यांनी डबी पाटावर उभी ठेवली होती, म्हणजे भोकं आकाशाकडे. काल पूजेच्या आणि आज सकाळी उत्तरपूजेच्या, अशा दोन वेळच्या कुंकू लावलेल्या अक्षता तिच्यावर पडल्या होत्या, आणि वाहताना बाबांनी हात आखडता घेतला नव्हता. नंतर भाभीची वायर त्यांनी मोठ्या भक्तिभावाने जिथल्या तिथे, पण अर्धीच, खोचून ठेवली होती.

मला जे बोलावंसं वाटलं ते दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी वडिलांना बोलू नये. मी आईची सुई घेतली, हबची वीज काढली, आणि चौथ्या भोकातून दाणे टोकरायला बसले. चार दाणे निघाले. एक तर आडवा बसला होता, निघता निघेना. बाबा बॅटरी धरून उभे होते. चार वाजून गेले. शेवटचा दाणा निघाला, वायर घातली, टक् वाजलं, दिवा लागला. मी गडग्यावरून अक्षरशः उडी मारली.

चार वाजून वीस मिनिटं झाली होती. भाभीचा नवरा अजून कॅफेत बसून होता. पडद्यावर त्याचं तोंड एकेका झटक्याने पुढे सरकत होतं, आणि मागे त्याच्याबरोबर खोलीत राहणारे चार-पाच जण माना उंच करून उभे. भाभीने बाळाला कॅमेऱ्यासमोर धरलं, आणि बाळ नेमकं गाढ झोपलेलं! आवाज तर त्या यंत्रातून येतच नव्हता, सगळं बोलणं टाइप करून. चाची बाळाच्या तळव्याला गुदगुल्या करू लागली, मी टाळ्या वाजवल्या, भाभी गालाला हलकेच टिचकी मारायला लागली. डोळे तरी उघड, बाप बघतोय.

तेवढ्यात पडद्यावर ओळ उमटली. 'उठवू नका. झोपू दे. मी बघत बसतो.'

आम्ही हात मागे घेतले. भाभीने बाळाला मांडीवर नीट आडवं केलं, दुपट्टा चेहऱ्यावरून बाजूला सारला. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. पुढची चाळीस मिनिटं त्याने एक अक्षरही लिहिलं नाही.